कानात न शिरणारा किडा

माझ्या थापांवर आमच्या इमारतीतल्या दोन पिढ्या पोसल्या गेल्यात. खडकवासल्यात मी धरलेल्या माशाचं तोंड धरणाच्या भिंतीला टेकलं होतं आणि शेपटी तिकडे पानशेतला वळवळत होती, हे आमच्याकडच्या एका पोरानं शाळेच्या निबंधात लिहून मार्क मिळवले आहेत. वाघोलीला नुसतं माळरान होतं, तेव्हा तिकडून येताना माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर एक वाघ येऊन बसला आणि येरवड्याच्या तुरुंगाची भिंत दिसताच मुकाट्यानं उतरून गेला, हेही इथे सर्वमान्य आहे. जन्मभर मी पाण्याचे पंप विकले, तेही विहिरीला पाणी नसलेल्या गावांत. त्यामुळे माणसाला काय खरं वाटतं आणि काय नाही, याचा माझा अभ्यास कुठल्याही प्राध्यापकाला लाजवेल असा आहे.

तरी सांगतो, गेल्या पावसाळ्यात मी शपथेवर खऱ्या अशा गोष्टी सांगितल्या आणि त्यातली एकही कुणाला पटली नाही. सगळ्या एका किड्याविषयी होत्या. मग वैतागून एक खोटी सांगितली. ती अशी पटली, की आता काढता निघत नाही.

किडा तुम्ही पाहिलेला आहे. कुंडी उचला, खाली ओल असेल तर राखाडी रंगाचे, मसुराच्या दाण्याएवढे, पाठीवर पट्ट्यापट्ट्यांचं चिलखत घातलेले जीव पळताना दिसतील. बोट लावलं की गोळी. पाय नाही, तोंड नाही, नुसती गुळगुळीत गोळी. लांबलचक, असंख्य पायांचा वाणी वेगळा. तो चकलीसारखी गुंडाळी करतो. ह्याची गोळी होमिओपॅथीच्या डॉक्टरनं बाटलीत भरून विकावी इतकी चोख. आमच्या घरात त्यांना गोळ्याच म्हणतात. माझी बायको कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाली. तिच्या मते आपल्याकडचा हा बहुधा क्युबॅरिस. नाव ऐकून मला वाटलं, हा एखाद्या इराणी हॉटेलाचा मालक असावा.

गोळ्या आल्या त्या आमच्या गच्चीवरच्या बागेतून. पुण्यात झाडांचा पाला जाळणाऱ्याकडे जशा नजरेनं बघतात, तशा नजरेनं खुन्याकडेही बघत नाहीत. त्यामुळे अख्ख्या गल्लीचा पाचोळा पोत्यांत भरून आमच्या दारात येतो. रसवंतीवाला चिपाडं ठेवून जातो. बायको ते सगळं कुंड्यांत भरते आणि गोळ्या ते खाऊन त्याची माती करतात. गच्चीच्या खाली, आमच्या समोरच्या दारात, उस्ताद राहतात. उस्ताद म्हणजे जुने बुकबाइंडर. त्यांनी बांधलेलं पुस्तक तिसऱ्या मजल्यावरून फेकलं तर फरशी फुटेल, पुस्तक नाही. ही थाप नव्हे, फरशी अजून तशीच आहे. उस्ताद पुठ्ठा आणि कापड चढवायचे, पण आतल्या फर्म्यांची, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या जुड्यांची, शिलाई त्यांच्या बायकोची, भाभींची. सुई-दोरा घेऊन भाभी बसल्या की बोटं दिसायचीच नाहीत.

दोन उन्हाळ्यांपूर्वी भाभींना झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं एखाद्या शब्दावर येऊन ठेपलं. आणि उजवा हात मुठीत गेला. मुठीत म्हणजे अशी मूठ, की नखं तळव्यात रुतायची आणि उस्ताद रोज संध्याकाळी तेल लावून एकेक बोट उघडायचे. उघडून हात बाजूला घेईपर्यंत पुन्हा बंद.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी एका वाटीत राजमा दिला. चिमटीनं उचलायचा, दुसऱ्या वाटीत टाकायचा. भाभींनी राजम्याकडे अशी नजर टाकली की तो न भिजवताच शिजला असता. शिवणाऱ्या बाईला कडधान्य निवडायला बसवलं, हा अपमान त्यांना झटक्याहून मोठा वाटला असावा. हात तसाच राहिला. डॉक्टर म्हणाले, "बोटं वापरली नाहीत तर आखडून जातील, मग काही करता येणार नाही."

एक दिवस मी चहाला गेलो. चहा त्यांच्याकडे आणि पेपर आमच्याकडे, असा जुना करार. भाभींचा पलंग खिडकीच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून. भिंतीवरून एक गोळी खाली आली, चादरीवर उतरली. मी हात उगारला, तर भाभींनी डाव्या हातानं मला थांबवलं. आणि उजवी मूठ घसटत घसटत पुढे नेली. अंगठ्याची कड लागली मात्र, किड्याची गोळी झाली आणि चादरीच्या सुरकुतीत घरंगळली. भाभींचं पहिलं बोट उघडलं. गोळी सुटली, पळायला लागली, पुन्हा बोट, पुन्हा गोळी. उस्ताद हातात कपबशी घेऊन उभे. चहा बशीतून त्यांच्या पायावर गळत होता आणि त्यांना पत्ता नाही.

"राजमा पळत नाही," मी म्हणालो, "तिथंच चुकलं."

त्यानंतर रोजचा उद्योग सुरू झाला. थोड्याच आठवड्यांत भाभी गोळी चिमटीत धरायला लागल्या. माझी बायको तर आनंदानं वेडी झाली. रोज जाऊन भाभींच्या शेजारी बसायची आणि शिकवायची. "बोटं जरा ओली करून धरा, भाभी. कोरड्यात त्याचा जीव घुसमटतो. ह्याच्या पोटाखाली कल्ल्यांसारखी पानं असतात, त्यातून तो श्वास घेतो. खेकडे-कोळंबीच्या कुळातला हा. समुद्र सोडून जमिनीवर आला, पण कल्ले घेऊन आला."

हे मी उस्तादांना सांगितलं. "खेकड्याचा चुलतभाऊ आहे हा."

"मग कालवण करायचं का?" उस्ताद म्हणाले.

"अहो, खरंच. ह्याचं रक्त निळसर असतं. तांब्यामुळे."

"असणारच. मोठ्या घराण्यातला दिसतोय."

"कात टाकतो ती दोन हप्त्यांत. आधी मागचा अर्धा, मग काही दिवसांनी पुढचा."

"साहेब," उस्ताद माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तो वाघ बरा होता हो. तो पटला होता."

बघा म्हणजे. जन्मात पहिल्यांदा मी खरं बोलत होतो आणि त्यांना वाटत होतं, माझा हात बसलेला नाही.

श्रावण संपत आला तसा बायकोचा आनंद ओसरला. एक दिवस ती भाभींच्या पलंगावर वाकून कोपरा बघत होती. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं आणि तडक घरी आली.

"अहो, तिथे पिल्लं आहेत."

"अगं मग बारसं करू."

"ऐका जरा. मादी पोटाखाली पाण्याची पिशवी घेऊन फिरते, पिल्लं त्यात वाढतात. बाहेर येतात तेव्हा पांढरी, मऊ, पायांची एक जोडी कमीच. कोरडी हवा लागली की संपली. ती पिल्लं त्या कोपऱ्यात, छताच्या भेगेतून ये-जा करतायत. म्हणजे गोळ्या गच्चीवरून फिरायला येत नाहीत. त्या तिथे राहतायत. वरचा स्लॅब आतून स्पंजासारखा भिजलेला आहे, कित्येक महिने." तिनं आवाज खाली आणला. "आतल्या सळ्या गंजल्या असतील. त्याच्या बरोबर खाली भाभींचं डोकं आहे."

मी विनोद न करता पायात चपला सरकवल्या. माझ्या आयुष्यात हे क्वचित घडतं. आमच्या घरातली घड्याळं थांबली होती म्हणा ना.

सोसायटीचा सेक्रेटरी हा तरुण मुलगा, कुठल्याशा कंपनीत संगणकावर बसतो. त्याला बोलावलं. त्यानं मान वर करून कोपरा पाहिला, मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाला, "काकू, सॉरी टू से, पण हा तुमच्या गार्डनचाच इश्यू आहे. वर एवढं वेट मटेरियल ठेवलंय. पेस्ट कंट्रोल करून टाकू."

"अरे, पेस्ट कंट्रोल वाळवीला करतात," बायको म्हणाली. "हे लाकूड पोखरत नाहीत, सिमेंट खात नाहीत. ओल कुठे आहे ते फक्त दाखवतात. टाकीच्या पाइपाखाली खणून बघा."

"काकू, तुमचं गार्डन आहे, तुम्ही असंच म्हणणार ना."

बिचारीनं आयुष्यभर खरं शिकवलं आणि ऐन वेळी ती पक्षकार निघाली. सेक्रेटरीनं त्याचा मावसभाऊ आणला, तो बांधकामातला इंजिनीअर. त्यानं स्टुलावर चढून छतावर बोटाच्या पेरानं टकटक केली, जसा आपण मंडईत कलिंगड वाजवतो, आणि निकाल दिला, "सॉलिड आहे." पुण्यात ज्याला कलिंगड वाजवता येतं त्याला सगळं येतं. फवारणी झाली. कोपऱ्याला पांढरा रंग लागला. मेलेल्या गोळ्या उस्तादांनी सुपलीत भरल्या. भाभी तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिल्या. आठवडा गेला नाही तोच रंगाला फुगा आला, फुग्याला भेग पडली आणि भेगेतून पुन्हा गोळ्या आल्या. भाभी हसल्या. माझ्या बायकोचा चेहरा मात्र त्या रंगाहून पांढरा झाला.

"पलंग हलवायला सांगा त्यांना. काहीही करा."

मी गेलो. "उस्ताद, पलंग आतल्या खोलीत घ्या."

"का?"

"छत पडेल."

"इंजिनीअर नाही म्हणाला."

"किडे हो म्हणतायत."

उस्तादांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "ह्या खिडकीतून तिला मंडईचा कळस दिसतो, कबुतरं दिसतात, खालची भांडणं ऐकू येतात. आतल्या खोलीतून फक्त मी दिसतो. तिनं काय पाप केलंय?"

"अहो, शपथ घेतो."

"कुणाची? त्या माशाची?"

मी सगळं पुन्हा सांगितलं. कल्ले, ओल, पिल्लांच्या पायांची जोडी. शब्द न् शब्द खरा. आणि मी जितका तळमळून बोलत होतो, तितके उस्ताद खुशीत येत होते. शेवटी म्हणाले, "वा. रडू आणलंत हो. आजची रंगली." आणि मला बिस्कीट दिलं.

ते बिस्कीट अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेलो ते ठरवूनच. बसलो, चहा घेतला, थोडा वेळ गप्प राहिलो. पंप विकताना हेच करायचं असतं. आपण गप्प बसलो की गिऱ्हाइकाला तहान लागते.

"काय झालं?" उस्तादांनी विचारलं.

"काही नाही. भाभींचा कान त्या भिंतीकडे असतो, नाही का?"

"मग?"

"सांगू नये म्हणतो." आणि मग सांगितलं. पंपाच्या कामाला गेलो होतो त्या गावात ओल्या भिंतीला डोकं लावून झोपणारा एक माणूस होता. गोळी कानात शिरली. बाहेर पळायचं सोडून किडा घाबरला, आतच गोळी झाला. निघेना. ती गोळी आतच व्याली. पुढे त्या माणसाला उभा जन्म समुद्राची गाज ऐकू यायची, आणि पाऊस यायचा असला की तो डोकं धरून ओरडत सुटायचा. गावानं त्याला वेधशाळेसारखा वापरला. मेला तेव्हा कानातून एकेक निघाली, ओळीनं, मुंगीसारखी.

ह्याच्याइतकी रद्दी थाप मी आयुष्यात मारली नव्हती. वेधशाळेचं तर मलाच हसू येत होतं. पण उस्ताद हसले नाहीत. कारण कानात गोम जाते ही गोष्ट आपल्याकडे प्रत्येकाला आईनं सांगितलेली असते, आणि आईनं सांगितलेल्याला पुरावा लागत नाही. उस्तादांचा हात नकळत स्वतःच्या कानाकडे गेला.

कपातला चहा निवायच्या आत पलंग आतल्या खोलीत होता. मी स्वतः पायाकडची बाजू धरली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला कोरड्या विहिरीवर दहा हॉर्सपॉवरचा पंप विकल्याचा आनंद झाला होता. एकच गोष्ट माझ्या ध्यानात राहिली नव्हती. भाभींचं बोलणं गेलं होतं, ऐकणं नाही.

घरी येऊन फुशारकीनं सांगितलं. बायको भाजी निवडत होती, ती थांबली.

"कानात? अहो, कानात ओल कुठाय त्याला? तिथे तो तासाभरात वाळून मरेल. जाईल कशाला?"

"अगं, पलंग हलला ना?"

"हलला," ती म्हणाली. "आणि हात?"

मी म्हटलं, "हाताचं बघू."

छत पडलं ते भर दुपारी. आमच्या भागात दुपारी झोपेच्या वेळेत भूकंपसुद्धा दाराची बेल वाजवत नाही. चार वाजेपर्यंत बाहेर थांबतो. पण हा आवाज असा झाला, की पाच इमारतींपलीकडचे लोक उशा घेऊन रस्त्यावर आले. धावत गेलो तर उस्तादांच्या पुढच्या खोलीत धूळच धूळ. कोपऱ्यातला गिलावा आणि त्याच्यामागचं काँक्रीट, दरवाजाएवढा तुकडा, खाली उतरला होता. वर सळ्या उघड्या, गंजून पापुद्रे सुटलेल्या. खाली जिथे उशी असायची तिथे एवढा ढेकळांचा ढीग. आणि त्या ढिगातून, ओल्या मातीतून, गोळ्या बाहेर येत होत्या. उजेड लागला की पळायच्या, कुणाचा पाय वाजला की गोळी व्हायच्या.

उस्ताद दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांनी ढिगाकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो बराच वेळ तसाच होता.

सेक्रेटरी आला. "बापरे! काका, बघा ना, ह्या किड्यांनी अख्खा स्लॅब खाल्ला! आणि कानात पण जातात म्हणे?"

"कुणी सांगितलं?"

"सगळेच म्हणतायत. ग्रुपवर आलंय."

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. टाकीचा पाइप गच्चीच्या फरशीखाली फुटलेला निघाला, बायको म्हणाली होती तिथेच. तो बदलला. नवं काँक्रीट झालं, कोपरा खडखडीत वाळला. पलंग पुन्हा खिडकीशी न्यायचं ठरलं, तेव्हा भाभींनी डाव्या हातानं पलंगाची कड अशी गच्च धरली की उस्तादांना, मला आणि त्या इंजिनीअरला मिळून ती सोडवता आली नाही. मान हलवून नाही म्हणाल्या. मग कानाकडे बोट दाखवलं. दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते.

आणि उजवा हात मुठीत होता. पुन्हा पहिल्यासारखा. नखं तळव्यात.

मी म्हटलं, हे आपण उपटलेलं, आपणच लावू. पंपवाला आहे, उलटाही फिरवता येतो. त्यांच्यापुढे बसलो आणि कापसातून जाईल अशा आवाजात सांगितलं, "भाभी, ती थाप होती! किडा कानात जात नाही! तो कल्ल्यांनी श्वास घेतो, कानात वाळून मरेल!" माझा आवाज एवढा, की खाली भाजीवालीनं वर बघितलं. भाभी माझ्या ओठांकडे बघत होत्या. मग त्यांनी त्यांच्याकडे उरलेल्या थोड्या शब्दांतला एक काढला.

"सच?"

"सच, भाभी."

त्यांनी मान वळवली. त्यांचा तरी काय दोष? कानात किडा जातो म्हणून मी पलंग हलवायला लावला आणि खरोखर तिथे छत कोसळलं. ज्याची पहिली गोष्ट एवढी खरी निघाली, त्याची दुसरी कोण ऐकतं?

मग मी शेवटचा उपाय केला. गच्चीवरून एक चांगली थोराड गोळी आणली आणि भाभींच्या देखत स्वतःच्या कानाच्या पाळीवर ठेवली. तिनं पाय उघडले, दोन पावलं चालली, गुदगुल्या झाल्या. "बघा! जाते का? बघा!" मी ओरडत होतो. भाभींचे डोळे फाटले. डावा हात सुटला आणि माझ्या कानावर अशी सणसणीत बसली की आजही पाऊस यायचा असला की मला गाज ऐकू येते. गोळी चादरीवर पडली, घरंगळत पलंगाखाली गेली. उस्तादांनी चादर झटकली, उशी झटकली, गादी उलटी केली, तरी भाभींना चैन पडेना.

"साहेब," उस्ताद मला दारापर्यंत सोडायला आले. "तुम्ही तिचं डोकं वाचवलंत. हे मी मेलो तरी विसरणार नाही. पण आता काही दिवस तिला काही सांगू नका. खोटं नको, आणि खरं तर मुळीच नको."

जिन्यात बायको उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ती म्हणेल, मी सांगत होते. ती म्हणाली, "तुम्ही हलवला नसता तर आज ती नसती." मग म्हणाली, "खरं सांगून हलवता आला असता तर बरं झालं असतं." दोन्ही वाक्यं एकाच आवाजात. मला कळेना, कुठल्याला हो म्हणू.

आता मी काही सांगत नाही. रोज चहाला जाताना एक काडेपेटी नेतो. आत ओल्या पाचोळ्याचा तुकडा आणि एक गोळी. काडेपेटी आतल्या खोलीत, पलंगापासून दूर, कपाटावर उघडी ठेवतो, भाभींना दिसेल अशी. चहा पितो. उस्तादांशी पावसाचं बोलतो. भाभी काडेपेटीकडे बघत नाहीत. भिंतीकडे बघतात, जिथे काहीही नाही. मूठ मांडीवर असते. पाचोळा वाळायला लागला की मी काडेपेटी बंद करून गच्चीवर नेतो आणि गोळी कुंडीखाली सोडतो. कोरड्यात फार वेळ ठेवून चालत नाही.

काल निघताना उस्ताद हळूच म्हणाले, "कपाटावर नको. उद्या जरा अलीकडे ठेवा, स्टुलावर."

"त्यांनी सांगितलं का?" मी विचारलं.

"नाही," उस्ताद म्हणाले. "मला वाटतं."